झोन बावीसमधून पहिली हाक

ऑक्टोबरच्या अखेरच्या शनिवार-रविवारी संध्याकाळी रिगवर २० मीटरचा बँड लावा. एरवी जिथे दोन-चार आवाज सापडतात, तिथे पाय ठेवायला जागा नसते. ही ‘सीक्यू वर्ल्डवाइड’ कॉन्टेस्ट. शनिवारी यूटीसीच्या शून्य वाजता, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होते आणि सलग ४८ तास चालते. नवा हॅम हा कल्लोळ ऐकतो आणि रिग बंद करतो. ५० वॉट आणि गच्चीवरची तार, आपल्याला कोण ऐकणार? पण त्या गर्दीला तुम्ही हवे असता, आणि त्याचं कारण गुणांच्या हिशेबात आहे.

या कॉन्टेस्टसाठी जग ४० झोनमध्ये वाटलेलं आहे. भारत, श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश, मालदीव हे सगळे झोन २२ मध्ये. दुसऱ्या खंडातल्या स्टेशनशी बोललात की ३ गुण, आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाशी १, स्वतःच्या देशाशी शून्य. प्रत्येक बँडवर मिळालेला नवा झोन आणि नवा देश हे मल्टिप्लायर. गुणांची बेरीज गुणिले मल्टिप्लायर, हा तुमचा स्कोअर. समजा तुमचे १४० गुण आणि ३७ मल्टिप्लायर झाले, म्हणजे ५,१८०. आधी मिळालेल्या देशातलं आणखी एक युरोपी स्टेशन घेतलंत तर १११ वाढतात. तेच स्टेशन नव्या देशातलं आणि नव्या झोनमधलं असेल, तर ३९७. युरोपातल्या माणसासाठी ते दुसरं स्टेशन तुम्ही आहात! आपला एखादा भारतीय हॅम ऐकू आला तर त्यालाही प्रत्येक बँडवर एकदा घ्या. गुण शून्य, पण मल्टिप्लायर दोन.

अँटेनासाठी फार खर्च नको. २० मीटरच्या डायपोलला साधारण दहा मीटर तार लागते, मधून दोन्हीकडे पाच-पाच. थोडी जास्त ठेवून कापा, मग एसडब्ल्यूआर बघत छाटा. गच्ची अरुंद असेल तर मधला भाग बांबूवर चढवून टोकं खाली उतरवली तरी चालतं. एक गोष्ट मात्र आधीच बघा: हे दिवस बरेचदा दिवाळीच्या आसपास येतात, आणि माळांचे स्वस्त अ‍ॅडॉप्टर बँडवर अशी खरखर उठवतात की लांबचा आवाज त्यातच बुडतो. निदान घरातल्या माळा तेवढा वेळ बंद ठेवा.

आता प्रत्यक्ष संपर्क. इटलीचं एक स्टेशन ‘सीक्यू कॉन्टेस्ट’ ओरडतंय. लगेच बोलू नका. दोन-तीन संपर्क नुसते ऐका, त्याचं कॉलसाइन आधी कागदावर उतरवा. तो थांबला की फक्त स्वतःचं कॉलसाइन, एकदाच: ‘व्हिक्टर युनिफॉर्म थ्री...’ आणि पुढची अक्षरं. त्याचं कॉलसाइन परत म्हणायची गरज नाही. तो तुमचं उच्चारून म्हणेल, ‘फाइव्ह नाइन फिफ्टीन’. इटली झोन १५ मध्ये आहे. तुम्ही म्हणायचं, ‘थँक यू, फाइव्ह नाइन ट्वेंटी टू’. झालं, दहा सेकंदांत. कितीही कमजोर ऐकू आला तरी फाइव्ह नाइनच द्यायचं, तशी रीतच आहे. पण त्याने तुमचं एक अक्षर जरी चुकीचं घेतलं, तर ते दुरुस्त केल्याशिवाय पुढे सरकू नका.

स्वतः सीक्यू देत बसणं पहिल्या वर्षी टाळा. बँडच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सावकाश सरका, एकेकाला गाठा. शनिवारी मोठ्या स्टेशनांवर झुंबड असते. रविवारी दुपारनंतर मात्र त्यांचे नेहमीचे गडी संपलेले असतात, मिनिट-मिनिट कोणी उत्तर देत नाही, आणि तेव्हा झोन २२ मधली तुमची बारीक हाक ते कान देऊन ऐकतात. माझे पहिल्या वर्षीचे निम्म्याहून जास्त संपर्क त्या एका दुपारचे.

लॉग कॉम्प्युटरवर ठेवा. एन१एमएम हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. घड्याळ यूटीसीवर लावा. पहिल्या खेपेला मी भारतीय वेळ नोंदवत गेलो आणि सोमवारची अख्खी रात्र प्रत्येक ओळीतून साडेपाच तास वजा करण्यात गेली. लॉग पाच दिवसांच्या आत कॅब्रिलो स्वरूपात पाठवायचा. परवाना मिळून तीन वर्षं झालेली नसतील तर ‘रूकी’ गटाची नोंद करा. चुकीच्या कॉलसाइनचा संपर्क तर जातोच, वर दंडही बसतो. काही महिन्यांनी तपासणीचा अहवाल येतो. कोणत्या स्टेशनचं कुठलं अक्षर आपण चुकीचं ऐकलं, ते त्यात ओळीओळीने दिलेलं असतं.