यंत्रापाशी काम करताना – लेखांक ६ : गळती हाताने शोधू नका

गेल्या आठवड्यात पीटीओ शाफ्टविषयी लिहिलं. तो फिरताना निदान दिसतो. हायड्रॉलिक पाइपातला धोका दिसत नाही, म्हणून मला त्याची जास्त धास्ती वाटते.

उन्हाळी नांगरटीत कधीतरी पलटी नांगर पलटायला वेळ लावू लागतो. उतरून पाहिलं तर पाइपाच्या टोकाशी, जिथे लोखंडी कॉलर रबरावर दाबून बसवलेली असते, तिथे धूळ ओली होऊन चिकटलेली असते. तेल नेमकं कुठून येतंय ते कळत नाही. मग ट्रॅक्टर चालू ठेवायचा, एकाने लिव्हर ओढून धरायचा आणि दुसऱ्याने पाइपावरून हात फिरवत जायचं, ही आपल्याकडची सर्रास चालणारी पद्धत. ती आजपासून बंद करा, एवढंच सांगायला हा लेख लिहितो आहे.

मोटारीच्या टायरमध्ये आपण ३२ पौंडांच्या आसपास हवा भरतो. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये भार आला की तेलाचा दाब अडीच हजार पौंडांच्या घरात जातो, म्हणजे १७०-१८० बार. खोदकामाच्या यंत्रांत तो याहून बराच जास्त असतो. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून या दाबाने सुटणारी धार सेकंदाला १०० मीटरपेक्षा जास्त वेगाने येते. कातडी भेदायला १०० पौंडांचा दाब पुरतो. कामाचे हातमोजे ही धार अडवत नाहीत. आणि ती इतकी बारीक असते की उन्हात दिसतही नाही.

ती बोटात घुसली की वर उरतो एक लाल ठिपका, फार तर रक्ताचा एखादा थेंब. सुरुवातीला फारसं दुखत नाही. काटा मोडला असेल म्हणून माणूस हात पुसतो आणि कामाला लागतो. आत मात्र तेल स्नायूबंधाच्या कडेने बोटातून तळहातात, कधी मनगटापर्यंत पसरलेलं असतं. काही तासांत सूज चढते, रक्तपुरवठा दबतो, तेलाच्या संपर्कातलं मांस मरू लागतं. ठणका सुरू होईपर्यंत मोलाचा वेळ गेलेला असतो. यावर उपाय एकच : शस्त्रक्रिया करून आतलं तेल आणि मेलेलं मांस काढणं, तेही काही तासांच्या आत. उशीर झाला तर बोट, प्रसंगी हातही कापावा लागतो.

म्हणून दवाखान्यात ‘काहीतरी टोचलं’ एवढंच सांगू नका. ‘दाबाखालचं हायड्रॉलिक ऑइल बोटात गेलंय’ असं स्पष्ट सांगा आणि ऑइलचा डबा सोबत न्या. जखम एवढीशी दिसते म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन आणि पट्टी करून कोणी घरी पाठवत असेल, तर परतू नका. हाताची शस्त्रक्रिया जिथे होते त्या रुग्णालयात लगेच जा. जखम पिळू नका, शेकू नका. भूल द्यावी लागणार असते, तेव्हा वाटेत चहासुद्धा नको.

मग गळती शोधायची कशी? नांगर जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि लिव्हर दोन्ही बाजूंना चार-पाच वेळा हलवा. इंजिन बंद झालं म्हणजे दाब गेला, असं नसतं. पाइपात कोंडलेलं तेल तसंच दाबाखाली राहतं. कपलर बसत नाही म्हणून त्याचं टोक दगडावर ठोकणारे आपण सगळ्यांनीच पाहिलेत. तो न बसण्याचं कारण बहुतेक वेळा हाच दाब असतो. पाइप कोरडा पुसून घ्या. तरीही चालू यंत्रावर पाहायचंच असेल, तर लांब काठीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधून तो पाइपाजवळून फिरवा आणि डोळ्यांना चष्मा लावा. पुठ्ठ्यावर ओला डाग उमटला की जागा सापडली.

फुटक्या पाइपावर सायकलची ट्यूब गुंडाळून किंवा क्लॅम्प आवळून हा दाब थांबत नाही. पाइप बदलायलाच हवा, आणि इथे दुकानात पारख लागते. अर्ध्या इंचाचा पाइप एका तारजाळीचा असेल तर तो साधारण १६० बारसाठी असतो, दोन जाळ्यांचा असेल तर २७५ बारपर्यंत चालतो. बाहेरून दोन्ही काळेच. फरक कळतो तो पाइपावर छापलेल्या ओळीतून. कामाचा दाब आणि बनवल्याची तारीख तिथेच असते. ती ओळ वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. जुन्या पाइपाची दाबलेली कॉलर काढून नव्या पाइपावर पुन्हा बसवून देतो असं कोणी म्हणालं, तर ते दुकान सोडा. ती कॉलर एकदाच दाबायची असते.

(पुढील आठवड्यात : टिपिंग ट्रॉलीखाली काम आणि टेकू)