ठिणगीची वेळ आणि वाऱ्यावरचे इंजिन

पाण्याऐवजी हवेने थंड होणाऱ्या इंजिनात प्लगची ठिणगी नेमकी कोणत्या क्षणी पडते, याला विशेष महत्त्व असते. कारण ती उशिरा पडली की ज्वलन लांबून सायलेन्सरकडची बाजू तापते, फार लवकर पडली की इंजिन ठोके देऊ लागते, आणि ही जादा उष्णता शोषून घ्यायला तेथे पाणी नसते. सातपुड्याच्या पायथ्याच्या हिवरखेड भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा तर पंख्याने ओढलेला वाराच मुळात तापलेला असतो.

फोक्सवॅगन बीटल ही अशा इंजिनाची सर्वांत प्रसिद्ध मोटार. वऱ्हाडातील वाचकाला मात्र पॉइंटवर चालणारी जुनी बजाज चेतक अधिक परिचयाची असेल. पॉइंट म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणारी आणि तोडणारी धातूची दोन टोके. बीटलमध्ये ती डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे गॅरेजच्या बोलीतील ‘डेल्को’त, बसवलेली असतात आणि प्रवाह तुटताच कॉइलमध्ये उच्च दाबाची वीज निर्माण होते. चार सिलिंडरचे हे इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर पॉइंट त्याच मिनिटात ८००० वेळा उघडतात. या घर्षणाने त्यांची फायबरची टाच झिजते, सुमारे ०.४ मिलिमीटरची फट कमी होते आणि ठिणगी हळूहळू मागे पडत जाते. चालकाला याची जाणीव होते ती बहुधा गाडी चढाला दमू लागल्यावरच.

इलेक्ट्रॉनिक जोडणीत पॉइंट व कंडेन्सर काढून त्यांच्या जागी लोहचुंबकाचे कडे आणि त्याचे चुंबकीय क्षेत्र ओळखणारा संवेदक बसवतात, आणि कॉइलचा प्रवाह ट्रान्झिस्टर तोडतो. घासणारे काहीच उरत नसल्याने वेळ सहसा ढळत नाही. तथापि वेगानुसार ठिणगी पुढे नेणारी वजने व स्प्रिंगा जुन्याच राहतात. त्या गंजलेल्या असतील तर नवा संवेदक चुकीचीच वेळ इमानाने पाळतो, आणि ही बाब जोडणी करणारे पुष्कळदा विसरतात. म्हणून टायमिंग लाइट लावून वेग वाढवताना ठिणगी पुढे सरकते की नाही, हे आधी पाहणे इष्ट ठरते.

जुन्या बीटलची वीजव्यवस्था ६ व्होल्टची असल्यास १२ व्होल्टचा संच चालत नाही. कॉइलचा रोध कमी असेल तर प्रवाह प्रमाणाबाहेर वाढतो, आणि तारा उलट जोडल्या किंवा इंजिन बंद असताना चावी चालू राहिली, तर साध्या बनावटीचा संच जळू शकतो. पॉइंट रस्त्याकडेला पॉलिश पेपरने घासून गाडी घरापर्यंत आणता येते. जळालेल्या संचाला असा इलाज नसल्याने जाणते लोक काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर फडक्यात गुंडाळून डिकीतच ठेवतात.