कारण देऊन किंवा न देता

विकिपीडियाच्या विश्वस्त-निवडणुकीतल्या मतमोजणीची पद्धत आज सांगणार होतो, ती पुढच्या आठवड्यात. मागचा लेख वाचून साताऱ्याच्या एका वाचकांनी असा प्रश्न विचारला आहे की तो बाजूला ठेववत नाही. ते लिहितात, "आमच्याकडे सरपंचावर अविश्वास ठराव आणता येतो. विकिपीडियाच्या संपादकांनी मतं देऊन पाठवलेला विश्वस्त त्यांनाच परत बोलावता येतो का?"

नाही येत. त्याला काढायचा अधिकार फक्त विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानाच्या विश्वस्त मंडळाला.

उदाहरण जेम्स हाइलमन यांचं. ते कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातले आपत्कालीन विभागाचे डॉक्टर. इंग्रजी विकिपीडियावरचे वैद्यकीय लेख निर्दोष व्हावेत म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं खपून काम केलं. २०१५ साली संपादकांनी तिघांना मंडळावर पाठवलं, त्यांत ते एक. त्याच वर्षी २८ डिसेंबरला मंडळाने आठ विरुद्ध दोन मतांनी त्यांना काढून टाकलं. मंडळ तेव्हा दहा जणांचं, आणि त्या दोन विरोधी मतांतलं एक खुद्द हाइलमन यांचं. पुढे मंडळाने परस्पर विश्वास उरला नसल्याचं सांगितलं. आपण कारभारात पारदर्शकता मागत होतो, असं हाइलमन यांचं म्हणणं. हजारो संपादकांची मतं आठ जणांनी एका बैठकीत पुसली, याचा मला आजही राग येतो.

पण नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. विकिमीडिया प्रतिष्ठान २००३ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात नोंदवलं गेलं. आपल्या गृहनिर्माण संस्थेला जसे सभासद असतात, तसे कायद्याच्या अर्थाने सभासद या प्रतिष्ठानाला नाहीत. त्यामुळे सर्वसाधारण सभा नाही आणि सभेत हात वर करून कुणाला पायउतार करणंही नाही. पोटनियम मी पेन्सिल घेऊन वाचले आहेत. संपादकांचं मतदान म्हणजे नावं सुचवणं. नेमणूक मंडळ करतं. आणि विश्वस्ताला बहुमताने काढता येतं, 'कारण देऊन किंवा न देता'. या शब्दांखाली मी दोनदा रेघ मारली आहे.

मग संपादकांच्या हातात उरतं काय? महिन्याभरातच ते दिसलं. जानेवारी २०१६ मध्ये मंडळाने आर्नन गेशुरी यांची नेमणूक जाहीर केली. ते पूर्वी गूगलमध्ये भरतीचं काम पाहत. एकमेकांचे इंजिनिअर पळवायचे नाहीत, अशी आपसात बोली केल्याबद्दल सिलिकॉन व्हॅलीतल्या बड्या कंपन्यांवर जो खटला झाला, त्यात त्यांचं नाव आलं होतं. संपादकांनी उघड मतदान घेऊन अविश्वास नोंदवला. कायद्याने त्या मतदानाला काडीची किंमत नव्हती, तरी २७ जानेवारीला गेशुरी पायउतार झाले. हाइलमन यांना २०१७ च्या निवडणुकीत संपादकांनी पुन्हा निवडून दिलं.

पण उघड मतदानाचा दबाव दर वेळी चालेलच असं नाही, आणि पुढची निवडणूक यायला वर्षं जातात. मराठी विकिपीडियावर नियमाने संपादन करणाऱ्यांनाही या निवडणुकीत मत आहे. येत्या वेळी प्रत्येक उमेदवाराला एवढं जरूर विचारा: संपादकांनी पाठवलेल्या विश्वस्ताला काढताना लेखी कारण जाहीर करावंच लागेल, अशी दुरुस्ती तुम्ही मांडाल का?