'धरणे' आणि 'सोडणे' : विद्युत कॉन्टॅक्टरची रचना, कार्य आणि परिभाषा

१. प्रास्ताविक

"लाइन आली, पण स्टार्टर धरून नाही राहिला," अशी तक्रार वाशीम जिल्ह्यातील एखाद्या शेतकऱ्याने केली, तर तिचा नेमका अर्थ काय करावा? प्रथमदर्शनी हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु यंत्राची रचना ठाऊक असल्याखेरीज त्याचे उत्तर देता येत नाही, आणि बोलीची रचना ठाऊक नसेल तर दुरुस्ती करणाराही चुकीचा भाग उघडून बसतो. परिभाषेचा विचार करताना आपण बहुधा शब्दाकडे पाहतो. वस्तूकडे पाहावयाचे राहून जाते. प्रस्तुत लेखात हा क्रम उलटा करावयाचा आहे. शेतावरील स्टार्टरच्या पेटीत जो कॉन्टॅक्टर असतो, तो काय करतो हे प्रथम पाहू, आणि नंतर त्याच्याविषयी लोक काय बोलतात याकडे वळू.

२. रचना

कॉन्टॅक्टर हा विद्युतचुंबकाने चालणारा स्विच होय. घरातील दिव्याचा स्विच आपण बोटाने दाबतो, तेव्हा दिव्याचा सर्व प्रवाह त्या स्विचमधूनच जातो. मोटरच्या बाबतीत असे करणे गैरसोयीचे व धोक्याचे असते. पाच अश्वशक्तीची त्रिकला मोटर ४१५ व्होल्टवर चालताना सुमारे ७.५ अँपिअर प्रवाह घेते; पण सुरू होण्याच्या क्षणी तिला त्याच्या सुमारे सहापट, म्हणजे ४५ अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. हा प्रवाह जोडण्याचे व तोडण्याचे काम कॉन्टॅक्टरकडे असते. माणसाचे बोट केवळ त्याच्या कॉइलला मिळणारा अल्प प्रवाह सुरू किंवा बंद करते.

कॉन्टॅक्टरचे प्रमुख भाग चार. पहिला, पातळ पोलादी पत्र्यांच्या थरांनी बनविलेला स्थिर गाभा. दुसरा, त्या गाभ्यावर बसविलेली तांब्याच्या तारेची कॉइल. तिसरा, गाभ्यासमोर स्प्रिंगने दूर धरलेला हलता गाभा. चौथा, त्या हलत्या गाभ्याबरोबर सरकणारे संपर्कबिंदू, ज्यांना खेड्यापाड्यांत सर्रास 'पॉइंट' म्हणतात. कॉइलमधून प्रवाह गेला की स्थिर गाभा चुंबक बनतो, हलत्या गाभ्यास ओढून घेतो, आणि तिन्ही फेजचे पॉइंट एकाच वेळी मिटतात. प्रवाह थांबला की स्प्रिंग आपले काम करते व पॉइंट उघडतात.

येथे दोन बारकावे लक्षात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, प्रत्यावर्ती प्रवाह दर सेकंदास पन्नास आवर्तने करतो, म्हणजे शंभर वेळा शून्यावर येतो. मग चुंबकाची ओढही शंभर वेळा नाहीशी होऊन पॉइंट थरथरू नयेत काय? तसे होऊ नये म्हणून गाभ्याच्या तोंडावर तांब्याचे एक लहान कडे बसविलेले असते. त्या कड्यात प्रेरित होणाऱ्या प्रवाहामुळे गाभ्याच्या तेवढ्या भागातील चुंबकत्व थोडे मागे राहते. एका भागाची ओढ शून्य होते तेव्हा दुसऱ्याची शिल्लक असते. हे कडे तुटले किंवा गाभ्याच्या तोंडावर धूळ, गंज, एखादा किडा अडकला, की स्टार्टर 'घुंघुं' करू लागतो.

दुसरा बारकावा कॉइलसंबंधी आहे. गाभ्याचे दोन भाग दूर असताना मधल्या हवेच्या फटीमुळे कॉइलचा विरोध कमी असतो व ती पुष्कळ प्रवाह ओढते. गाभा मिटला की तोच प्रवाह अनेक पटींनी उतरतो. म्हणून गाभा अर्धवट मिटून राहिला, तर कॉइल काही वेळातच तापून जळते. कॉइल जळाली की लोक दोष कॉइलला देतात. पुष्कळदा दोष मात्र न मिटलेल्या फटीचा असतो.

मोठा प्रवाह तोडताना पॉइंटमध्ये विजेची ज्योत उठते. ती पॉइंटचा पृष्ठभाग खाते. या कारणास्तव पॉइंट शुद्ध तांब्याचे न करता चांदीच्या मिश्रद्रव्याचे करतात, आणि ज्योत लवकर विझावी म्हणून तिच्याभोवती कप्पे असतात. आपल्याकडील जुन्या प्रकारच्या कित्येक शेती-स्टार्टरांत पॉइंट तेलात बुडविलेले असत, त्यामागील हेतूही हाच.

३. 'धरणे' आणि 'धरून ठेवणे'

स्टार्टरवरील हिरवे बटण आपण क्षणभर दाबतो व सोडतो. तरी मोटर चालूच राहते. हे कसे होते? कॉन्टॅक्टरला मुख्य पॉइंटांखेरीज एक लहान साहाय्यक पॉइंट असतो व तो हिरव्या बटणाशी समांतर जोडलेला असतो. गाभा मिटताच हा पॉइंटही मिटतो आणि बोट काढून घेतल्यावर कॉइलला त्याच वाटेने प्रवाह मिळत राहतो. म्हणजे कॉन्टॅक्टर स्वतःच स्वतःला धरून ठेवतो. लाल बटण व ओव्हरलोड रिले याच वाटेवर एकापुढे एक जोडलेली असतात. त्यांपैकी कोणीही वाट तोडली की सर्व काही सुटते.

तेव्हा कॉन्टॅक्टरच्या कार्यात दोन निरनिराळे टप्पे आहेत: गाभा ओढून घेणे आणि ओढलेला गाभा टिकवून धरणे. या दोहोंस लागणारा विद्युत दाबही सारखा नसतो. आयईसी ६०९४७-४-१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार कॉन्टॅक्टरने आपल्या ठरीव दाबाच्या ८५ टक्क्यांपासून ११० टक्क्यांपर्यंत खात्रीने मिटले पाहिजे. पण प्रत्यावर्ती प्रवाहाचा मिटलेला कॉन्टॅक्टर सुटतो तो दाब ७५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान कोठेतरी उतरल्यावर. ओढण्यास अधिक बळ लागते, टिकविण्यास कमी, कारण आता मधली फट उरलेली नसते.

आता आरंभीच्या वाक्याकडे वळू. वऱ्हाडी बोलीत चालू क्रिया दर्शविण्यासाठी '-ऊन राहणे' ही रचना वापरतात, हे सर्वपरिचित आहे. 'तो काय करून राहिला' म्हणजे 'तो काय करीत आहे'. हिंदीतील 'कर रहा है' या रचनेशी तिची तुलना करता येते. प्रमाण मराठीत मात्र 'धरून राहिला' म्हणजे 'धरले आणि सोडले नाही'. परिणामी 'स्टार्टर धरून नाही राहिला' या एकाच वाक्याचे दोन अर्थ होतात. वऱ्हाडी भाषकाला म्हणावयाचे असते, 'स्टार्टर धरीतच नाही'. प्रमाण मराठीत वाढलेला मिस्त्री दूरध्वनीवर ऐकतो, 'धरले, पण टिकले नाही'.

यंत्रात हे दोन सर्वस्वी वेगळे दोष आहेत. स्टार्टर धरीतच नसेल, तर फ्यूज गेलेला असेल, कॉइलची तार तुटलेली असेल, ओव्हरलोड रिले सुटलेला असेल किंवा दाब फारच कमी असेल. बटण दाबून ठेवले असता मोटर चालते आणि बोट काढताच थांबते, असे असेल, तर बहुधा साहाय्यक पॉइंट खराब झालेला असतो. पहिल्या अर्थाने कॉइल घेऊन निघावयाचे, दुसऱ्या अर्थाने पॉइंट साफ करावयाचे. गव्हाला किंवा हळदीला पाणी देण्याची पाळी असताना या गैरसमजात एक दिवस गेला, तर नुकसान व्याकरणाचे होत नाही, पिकाचे होते. 'बटण दाबल्यावर धरत नाही, की बटण सोडल्यावर सुटतो?' असा उलट प्रश्न विचारला की संदिग्धता नाहीशी होते. 'टिकत नाही' हे क्रियापद दोन्ही बोलींना समान असल्याने तेही येथे उपयोगी पडते.

४. सुटण्याचे महत्त्व

कॉन्टॅक्टरचा खरा गुण धरण्यापेक्षा सोडण्यात आहे, असे म्हणावयास हरकत नाही. वीज गेली की तो सुटतो. आणि वीज परत आली तरी कोणीतरी बटण दाबीपर्यंत तो आपणहून मिटत नाही. ही उणीव नसून मुद्दाम राखलेले संरक्षण आहे. वीज नसताना कोणी विहिरीत उतरून फूटव्हॉल्व्ह साफ करीत असेल, तर पंप अवचित सुरू होता कामा नये.

शेतकऱ्यांत 'ऑटो' या नावाने ओळखले जाणारे साधन हेच संरक्षण रद्द करते. वीज येताच ते बटणाच्या ऐवजी कॉइलला प्रवाह देते. ते बसविण्यामागे आळस नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. शेतीचा पुरवठा ज्या काळी रात्रीच्या पाळीत येतो, त्या काळी मध्यरात्री साप-विंचवांच्या वाटेने विहिरीपर्यंत जाणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. परंतु एकाची सोय सर्वांची अडचण कशी होते, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे.

समजा, १०० केव्हीए क्षमतेच्या एका डीपीवर पाच अश्वशक्तीचे पंधरा पंप आहेत. डीपीची पूर्ण क्षमता दर फेजला सुमारे १३५ अँपिअर. पंधरा पंप चालू असताना सुमारे ११२ अँपिअर लागतात; म्हणजे भार क्षमतेच्या आत आहे. पण पंधराही ठिकाणी ऑटो असेल, तर वीज येताच सर्व मोटरी एकदम उठू पाहतात आणि मागणी पंधरा गुणिले पंचेचाळीस, म्हणजे ६७५ अँपिअरपर्यंत, क्षमतेच्या पाचपट जाऊ पाहते. तितका प्रवाह मिळत नाही, दाब कोसळतो. दाब कोसळला की काही कॉन्टॅक्टर सुटतात, काही थरथरतात, ऑटो त्यांना पुन्हा मिटवू पाहतो. पॉइंट जळतात, कॉइली जळतात, आणि हेच वारंवार घडले की डीपी जळते. मग पंधराही शेते कोरडी राहतात. महावितरण ऑटो काढून धारित्र बसविण्याचे आवाहन पुनःपुन्हा करते, त्यामागे हे गणित आहे. ऑटो ठेवावयाचाच असेल, तर प्रत्येक पंपास निरनिराळा विलंब देणे हा निदान सुसह्य मार्ग होय.

सोडण्याच्या बाबतीत कॉन्टॅक्टरला एक मोठी मर्यादाही आहे. त्याची कॉइल बहुधा तीनपैकी दोन फेजवर जोडलेली असते. तिसरा फेज गेला, तर कॉन्टॅक्टरला त्याचा पत्ताच लागत नाही. तो धरून राहतो, आणि मोटर दोन फेजवर वाढीव प्रवाह घेत तापत जाते. अशा वेळी ओव्हरलोड रिलेने तिला वाचवावयाचे असते. तो वारंवार सुटतो म्हणून त्याची खूण वर सरकवून ठेवलेली असेल, किंवा त्याला वळसा घालून तार जोडलेली असेल, तर मोटर जळणे अटळ आहे. फेज गेल्याचे ओळखणारे वेगळे साधन याकरिताच असते. त्याचप्रमाणे, कॉन्टॅक्टर उघडा आहे म्हणजे तारेत वीज नाही, असे समजू नये. हात घालण्यापूर्वी मेन स्विच उघडलाच पाहिजे.

५. अन्य उपयोग

कॉन्टॅक्टरचा व्याप पंपापुरता नाही. मोठ्या मोटरी थेट जोडल्यास आरंभीचा प्रवाह असह्य होतो. म्हणून डाळमिल, जिनिंग व पाणीपुरवठा केंद्रांत तीन कॉन्टॅक्टरांचा स्टार-डेल्टा स्टार्टर वापरतात. त्याने आरंभीचा प्रवाह एक-तृतीयांशावर येतो. अर्थात आरंभीची पिळणशक्तीही तितकीच उतरते. रस्त्यांवरील दिव्यांची रांग, लिफ्ट, भट्टी, धारित्रांचे संच ही सर्व कॉन्टॅक्टरच्या द्वारेच जोडली-तोडली जातात. कामाप्रमाणे त्यांचे वर्ग ठरलेले आहेत: तापकासारख्या सौम्य भारासाठी एसी-१, मोटर सुरू करून चालू स्थितीत बंद करण्यासाठी एसी-३, आणि वारंवार झटके देऊन मोटर थांबविण्या-उलटविण्यासाठी एसी-४. एकाच कॉन्टॅक्टरवर या वर्गांसाठी निरनिराळे अँपिअर छापलेले असतात. दुकानात त्यांतील सर्वांत मोठा आकडा पाहून पंपासाठी खरेदी करणे, ही नेहमीची चूक होय.

अल्प प्रवाहाने दूरचा मोठा प्रवाह हाताळण्याच्या या कल्पनेने आगगाडीचेही रूप पालटले. १८९७ मध्ये शिकागो येथे फ्रँक स्प्रेग याने अनेक डब्यांच्या मोटरी एका टोकावरून एकत्र चालविण्याची पद्धती सिद्ध केली. प्रत्येक डब्यातील दूरून चालणारा नियंत्रक हा तिचा आधार होता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला धावलेली पहिली विद्युत लोकल याच कुळातील.

सौर पंपांच्या नियंत्रकात मात्र जोडण्या-तोडण्याचे काम मुख्यत्वे अर्धवाहकांकडे जाते. तेथे मोटर हळूहळू वेग घेते आणि गाभा मिटल्याचा तो परिचित 'खट्' आवाज ऐकू येत नाही.

६. परिभाषेचा निष्कर्ष

भाषा संचालनालयाची स्थापना १९६० मध्ये झाली, तेव्हापासून शासकीय व शास्त्रीय मराठीत नामांचा मोठा साठा जमला. 'रोहित्र', 'वाहिनी', 'भारनियमन', 'धारित्र' ही त्यांतील रुळलेली नामे. शेतकरी मात्र रोहित्रास 'डीपी' म्हणतो, आणि ईकारान्त रूपामुळे तिला स्त्रीलिंगही देतो. स्टार्टर, कॉइल, फेज, रिले ही नामे त्याने बाहेरून घेतली. क्रियापदे मात्र आपली ठेवली. स्टार्टर धरतो व सोडतो, फेज जातो, लाइन येते, मोटर पाणी ओढते, डीपी उडते. यंत्राची ओळख नामाने होते. त्याचे ज्ञान क्रियापदात साठते.

अभियंत्यांच्या भाषेत ज्या दोन क्रियांसाठी स्वतंत्र संज्ञा आहेत, त्या 'धरणे' आणि 'सोडणे' या रूपांत बोलीने आधीच शोधून ठेवल्या आहेत. उणीव आहे ती त्यांच्या मधल्या 'टिकविणे' या टप्प्याची निःसंदिग्ध नोंद करण्याची. मराठीत यंत्रपुस्तिका लिहिणाऱ्याने कॉन्टॅक्टरला नवे नाव शोधण्यात वेळ न दवडता ही तीन क्रियापदे नेमकेपणाने वापरावीत. शब्दकोशात 'रिले'चा अर्थ देताना आपण त्याचा जुना संबंध दमलेल्या घोड्यांच्या जागी ताजे घोडे जोडण्याशी होता, एवढे सांगून थांबतो. विहिरीवर उभ्या असलेल्या माणसाला त्याहून अधिक हवे असते: तो केव्हा धरतो, किती वेळ टिकतो आणि कशाने सुटतो. जो कोश याचे उत्तर देईल, तो त्याच्या हाती राहील.