उच्च शिक्षणाचे साहाय्य : गरजेनुसार की गुणांनुसार?

जोयडा तालुक्यातील विद्यार्थ्यास बारावीनंतर अभियांत्रिकीसारख्या शिक्षणासाठी धारवाड, बेळगाव अशा दूरच्या शहरी जावे लागते. शुल्काखेरीज वसतिगृह व भोजन यांचाही भार कुटुंबावर पडतो. हा भार हलका करणारे साहाय्य दोन प्रकारचे असते. एक कुटुंबाची गरज पाहून दिले जाते, तर दुसरे विद्यार्थ्याची गुणवत्ता पाहून. या दोहोंतील भेद पालकांनी वेळीच ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

गरजेवर आधारलेल्या साहाय्याचा पाया म्हणजे उत्पन्नाचा दाखला. धारवाड येथे २०१६ साली सुरू झालेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत बी.टेक.च्या विद्यार्थ्याचे कौटुंबिक वार्षिक उत्पन्न १ लाख रुपयांहून कमी असल्यास शिक्षणशुल्क पूर्ण माफ होते. १ ते ५ लाखांपर्यंत दोन-तृतीयांश माफ होते. अन्य अभियांत्रिकी महाविद्यालयांतील शुल्कमाफीच्या जादा जागांसाठी उत्पन्नमर्यादा ८ लाखांची आहे.

आता पती-पत्नी दोघेही शिक्षक असून त्यांचे एकत्रित उत्पन्न ११ लाख रुपये आहे, असे समजू. या कुटुंबास वरीलपैकी एकही सवलत मिळत नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठ पदवीच्या विद्यार्थ्यांना केवळ गुणांसाठी शिष्यवृत्ती देत नाही. मात्र उत्पन्न वाढेल तसतसे तेथील साहाय्य क्रमाक्रमाने घटत जाते. आपल्याकडे मर्यादा ओलांडताच ते बहुधा एकदम थांबते.

अशा कुटुंबाने गुणवत्तेच्या शिष्यवृत्तीकडे वळावे हे खरे. परंतु तेथेही सावधपणा हवा. केंद्र शासनाची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी दरसाल १२,००० रुपयांची आहे. ती बारावीच्या गुणांवर मिळते, तथापि तिलाही साडेचार लाखांची उत्पन्नमर्यादा आहे. याउलट, मूलभूत विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी २००८ साली सुरू झालेल्या 'इन्स्पायर' योजनेतील दरसाल ८०,००० रुपयांच्या शिष्यवृत्तीस उत्पन्नाची अट नाही; तेथे बारावीच्या परीक्षेतील पहिल्या एक टक्क्यातील स्थान पाहिले जाते. म्हणून शिष्यवृत्तीच्या नावावर न जाता तिच्या अटी प्रथम वाचाव्यात.

दोन्ही वाटा बंद झाल्यास कर्जाचा पर्याय उरतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांमध्ये गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना तारण व जामीनदाराविना कर्ज मिळते. कर्जास उत्पन्नमर्यादा नाही. व्याजातील सवलतीस मात्र ८ लाखांची आहे. कर्ज हे साहाय्य नसून पुढील मिळकतीवरील बोजा आहे, याचा विसर पडू नये.

तात्पर्य, ज्यांचे उत्पन्न मर्यादेच्या आत आहे त्यांनी नाडकचेरीतून उत्पन्नाचा दाखला वेळेवर घ्यावा. ज्यांचे उत्पन्न अधिक आहे त्यांनी शासकीय महाविद्यालयाचे अल्प शुल्क, अटीविना मिळणारी शिष्यवृत्ती व कर्जाची परतफेड यांचा एकत्र हिशेब प्रवेशापूर्वीच मांडावा. शिक्षकांनी ही माहिती अकरावीतच दिल्यास पालकांना तयारीस पुरेसा अवधी मिळेल.