वेळास : कासवाच्या भरवशावर मांडलेला धंदा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं वेळास म्हणजे नाना फडणवीसांचं गाव. ही ओळख गावाला पुष्कळ वर्षं पुरली. आता फेब्रुवारी लागला की पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात त्या कासवांसाठी. मोठी हॉटेलं इथे नाहीत. मुक्काम गावकऱ्यांच्याच घरी, जेवण त्यांच्याच चुलीवरचं.

२००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेची मंडळी समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी इकडे आली, तेव्हा पुळणीवर कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. घरटं सापडलं की अंडी लंपास व्हायची. माणसांनी सोडलं ते कोल्ह्या-कुत्र्यांच्या पोटात. ऑलिव्ह रिडले जातीच्या या कासवांना १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण होतं खरं, पण अपरात्री पुळणीवर कायदा राबवणार कोण? संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राखणीला गावातलीच माणसं घेतली. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला आणि पाहुण्यांसाठी घरं उघडली.

राखण करणारे हे कासवमित्र पहाटे वाळूतला माग काढत घरट्यापर्यंत जातात. दीड-एक फूट खोलीवर शंभराच्या आसपास अंडी असतात. ती अलगद काढून कुंपणाच्या आत तसाच खड्डा खणून पुन्हा पुरायची. पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस. वाळू किती तापते त्यावर दिवस पुढे-मागे होतात. रोज सकाळ-संध्याकाळ खड्ड्यावरची टोपली उचलून पाहतात. आत तळहातावर मावतील अशी काळसर पिल्लं वळवळत असली, तर त्यांना पाहुण्यांपुढे बांधलेल्या दोरीपलीकडे वाळूवर सोडतात. पाण्यापर्यंत ती स्वतःच चालत जातात. उचलून लाटेत टाकत नाहीत.

टोपली रिकामी निघाली, की लांबून आलेला पाहुणा हिरमुसतो आणि त्याची कुरकुर ऐकावी लागते ती घरमालकिणीला. शनिवार-रविवारची सुट्टी कासवाला कोण कळवणार? मला या व्यवसायाचं अप्रूप वाटतं ते इथेच. खोल्या झाडून ठेवायच्या, सोलकढी करायची, मोदक वळायचे. मुख्य आकर्षण मात्र आपल्या हातात नाही. ‘पिल्लं दिसतीलच असं नाही’ हे बुकिंग घेतानाच सांगणारं घर मी चांगलं समजेन. हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा, त्यामुळे यावर कोणी गबर होत नाही. पण पैसा घरात येतो, आणि घरटं राखण्यात घराचाही स्वार्थ असतो. नुसत्या भूतदयेपेक्षा हा स्वार्थ मला अधिक भरवशाचा वाटतो.

 

जायचं तर मंडणगडमार्गे रस्ता आहे. हरिहरेश्वरकडून येणाऱ्यांनी बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडावी. वाटेत बाणकोटचा किल्ला आहे. जमल्यास आठवड्याच्या मधल्या दिवशी जावं, रात्री पुळणीवर बॅटरी मारू नये आणि दोरीच्या अलीकडेच उभं राहावं.