बायकांचं परफ्यूम, माझं मनगट आणि आईचा प्रश्न

सोयगावातून बोलतोय. मागे पंख्याची घरघर आहे, तेवढी सांभाळून घ्या. ज्यांना हेडफोन लावून ऐकता येत नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय.

विषय असा की मी पहिल्यांदाच बायकांचं परफ्यूम लावलं. हसा, पण कारण ऐका.

आईच्या पन्नाशीला मी संभाजीनगरहून मोगऱ्याच्या वासाची तीस मिलीची बाटली आणली. बाबा होते तोवर उन्हाळ्यात आईच्या केसांत रोज गजरा असायचा. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, गजराही तेव्हाच थांबला. बाटली बघून म्हणाली, "मला कशाला रे हे? ताईला दे." बाटली गेली फडताळात.

आठवड्यानं मीच ती काढली आणि मनगटावर एक फवारा मारला. फवारा म्हटलं की आपल्याला कपाशीच आठवते, पण हा वेगळा!

आधी नाकात स्पिरिटचा झटका बसला. मागून संत्र्याच्या सालीसारखा वास आला. मोगरा कुठंच नाही! वाटलं, फसलो.

फसलो नव्हतो. परफ्यूम म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेली सुगंधी द्रव्यं. ती सगळी एकदम उडत नाहीत. लिंबू-संत्र्यासारखी हलकी द्रव्यं पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत उडतात. मग फुलांचा वास वर येतो आणि काही तास टिकतो. चंदन, कस्तुरीसारखे जड वास सगळ्यात शेवटपर्यंत राहतात. म्हणून दुकानात नुसत्या पहिल्या वासावर बाटली घेऊ नका. मनगटावर लावा, बाजारात एक चक्कर मारा, मग ठरवा. तीन-चार वासांनंतर नाक थकतं, तेव्हा जरा मोकळ्या हवेत जा.

बाटलीवरचं नावही बघा. 'ओ द तॉयलेत'मध्ये सुगंधी द्रव्यं साधारण 5 ते 15 टक्के असतात आणि 'ओ द पार्फम'मध्ये साधारण 15 ते 20. दुसरं महाग पडतं, पण जास्त टिकतं. आपल्या उन्हात वास लवकर उडतो, म्हणून बाटली खिडकीत ठेवू नका. आणि त्वचेला खाज येते का, ते आधी एका थेंबावर तपासा.

अर्ध्या तासानं मोगरा आला. संध्याकाळी कट्ट्यावर गेलो तर मित्र सुरू झाले, "काय रे, कुणाला भेटून आलास?" मी म्हटलं, माझाच वास आहे. मग तर विचारूच नका.

पण खरं सांगा, वासाला कुठं बाई-पुरुष असतं? गुलाब बायकांचा आणि लाकडाचा वास पुरुषांचा, ही वाटणी मुख्यतः विकणाऱ्यांची. आपल्या लग्नात पाहुण्यांच्या हाताला अत्तर लावतात तेव्हा गुलाब, हीना, केवडा काका-मामाच पुढं होऊन लावून घेतात. कनौजला तर हे अत्तर भट्टीवर, पारंपरिक पद्धतीनं चंदनाच्या तेलात उतरवतात. आणि लांब कशाला, अजिंठ्याची लेणी आपल्याच तालुक्यात. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बघा. पुरुषच आहे आणि हातात कमळ धरून उभा आहे.

मित्रांना हे सगळं ऐकवलं आणि तिथंच मला खटकलं. मला चिडवणारा नियम आणि आईला अडवणारा नियम एकाच घरातले आहेत. कुणी कुठला वास घ्यायचा, हे दुसऱ्यांनी ठरवायचं. फरक एवढाच की माझी थट्टा अर्ध्या तासात संपली. आईचं सहा वर्षं चाललंय, आणि तिला कुणी तोंडानं "लावू नको" म्हटलेलंही नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठराव हवेतच. पण फडताळ उघडायला ग्रामपंचायत येत नाही, ते घरच्यांनाच उघडावं लागतं.

रात्री आई भाकरी वाढत होती. माझा हात पुढं गेला आणि ती थांबली. मनगट नाकाशी नेऊन म्हणाली, "हा मोगरा नाही. मोगऱ्यासारखं काहीतरी आहे." सहा वर्षांनंतरही तिचं नाक पक्कं!

मी काही बोललो नाही. बाटली फक्त फडताळातून काढून आरशापाशी ठेवली. दोन दिवसांनी आईनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "याचा साडीवर डाग पडतो का रे?"

पडू शकतो, विशेषतः रेशमावर. म्हणून आधी अंगाला लावायचं, वाळू द्यायचं, मग साडी नेसायची. तिला एवढंच सांगितलं.

तुमच्या घरात कुणाचं काय फडताळात पडून आहे? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडला!